पडद्यावर मान्य, घरात अमान्य : ‘द एक्झॉर्सिस्ट’ आणि ब्रिटनमधील व्हिडिओ कायदा (१९७४ ते १९९९)

प्रास्ताविक

चित्रपटाचा इतिहास लिहिताना दिग्दर्शक, कलावंत, कथानक आणि तिकीटबारीवरील यश यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. प्रेक्षकाने तो चित्रपट कोठे बसून पाहिला, या प्रश्नाला त्यात गौण स्थान मिळते. वस्तुतः १९८०च्या दशकात व्हिडिओ कॅसेट घरोघरी पोहोचली, तेव्हा शासन, सेन्सॉर आणि पालक या तिघांनाही याच प्रश्नाने अस्वस्थ केले. ब्रिटनमध्ये ‘द एक्झॉर्सिस्ट’ या भयपटाच्या वाट्याला जे आले ते या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९७४ पासून चित्रपटगृहात कोणत्याही काटछाटीविना दाखविता येणारा हा चित्रपट १९८८ ते १९९९ या काळात कॅसेटच्या रूपाने मात्र कायदेशीररीत्या विकता वा भाड्याने देता येत नव्हता. चित्रपट तोच, दृश्ये तीच, संवादही तेच. बदलली होती ती केवळ पाहण्याची जागा. त्यामुळे ही बंदी चित्रपटापेक्षा घरावर अधिक होती, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

चित्रपट आणि त्याचे पहिले स्वागत

विल्यम पीटर ब्लॅटी यांची याच नावाची कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. १९४९ मध्ये अमेरिकेत एका अल्पवयीन मुलावर झालेल्या भूतोच्चाटन विधीच्या वृत्तांवरून ब्लॅटी यांना ती सुचली होती. कादंबरीत मुलाची मुलगी झाली. विल्यम फ्रीडकिन यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २६ डिसेंबर १९७३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याला दहा ऑस्कर नामांकने मिळाली, त्यांपैकी रूपांतरित पटकथा आणि ध्वनी या दोन विभागांत पुरस्कार मिळाले. भयपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात भाड्याच्या घरात राहणारी एक अभिनेत्री आणि तिची बारा वर्षांची मुलगी रीगन यांची ही कथा आहे. मुलीच्या वागण्यात भयंकर बदल होऊ लागतो. आई प्रथम डॉक्टरांकडे जाते, नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे आणि सर्व उपाय थकल्यावर धर्मगुरूंकडे. रुग्णालयातील तपासण्यांना दिग्दर्शकाने दिलेला वेळ विशेष लक्षात घ्यावा लागतो. अनेक प्रेक्षकांना भुताच्या दृश्यांपेक्षा त्या तपासण्याच अधिक असह्य वाटल्या, आणि ते अस्वाभाविक नाही. जुन्या भयपटांतील किल्ले, स्मशाने, ओसाड वाडे येथे नाहीत. भयाचे ठिकाण आहे वरच्या मजल्यावरील मुलीची निजण्याची खोली. पुढील विवेचनासाठी एवढी बाब ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

१९७४ साली ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म सेन्सॉर्सने चित्रपटाला एकही दृश्य न कापता ‘एक्स’ प्रमाणपत्र दिले, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नव्हता. ‘नेशनवाइड फेस्टिव्हल ऑफ लाइट’ या ख्रिस्ती चळवळीच्या कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहांबाहेर निदर्शने केली, पत्रके वाटली. काही नगरपरिषदांनी आपल्या हद्दीत चित्रपट दाखविण्यास मनाई केली. हा अधिकार त्यांच्याकडे कसा आला, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९०९ चा सिनेमॅटोग्राफ कायदा मुळात ज्वालाग्राही फिल्ममुळे लागणाऱ्या आगींपासून संरक्षण व्हावे म्हणून झाला होता. परवाना देण्याची सत्ता हाती येताच स्थानिक संस्थांनी ती आगीपुरती मर्यादित ठेवली नाही. मनाई झालेल्या गावांतील रहिवासी मात्र शेजारच्या गावी जाऊन चित्रपट पाहत, आणि त्यासाठी बसच्या सहलीही निघाल्या.

१९७५ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात जेम्स बोझुटो यांनी हा चित्रपट पाहिल्यानंतर मनोविकाराची लक्षणे दिसू लागलेल्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. चार ही संख्या अगदी लहान आहे, परंतु चित्रपट मनाला इजा करू शकतो या समजुतीला तिच्यामुळे वैद्यकीय आधार मिळाल्यासारखे झाले.

कॅसेट आणि कायदा

ब्रिटनमध्ये ‘द एक्झॉर्सिस्ट’ची व्हिडिओ कॅसेट १९८१ साली बाजारात आली. त्या वेळी कॅसेटला प्रमाणपत्राची सक्तीच नव्हती. चित्रपटगृहाच्या दारात वय विचारले जाई, कॅसेटच्या दुकानात तशी कायदेशीर अट नव्हती. स्वस्तात बनविलेल्या अनेक हिंसक चित्रपटांच्या कॅसेटही याच वाटेने घरांत शिरल्या आणि वृत्तपत्रांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. सरकारी अभियोग संचालकांनी अश्लीलताविरोधी कायद्याखाली कारवाईयोग्य कॅसेटची यादी तयार केली. वेळोवेळी तिच्यात एकूण ७२ नावे आली आणि त्यांपैकी ३९ चित्रपटांविरुद्धचे खटले यशस्वी झाले. ‘द एक्झॉर्सिस्ट’ त्या यादीत कधीच नव्हता. नंतरच्या लोकप्रिय लेखनात तो सर्रास त्या कुप्रसिद्ध चित्रपटांच्या पंक्तीत बसविला जातो, ते चुकीचे आहे.

खासदार ग्रॅहम ब्राइट यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून १९८४ चा व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायदा झाला. मेरी व्हाइटहाउस यांच्या प्रेक्षक-श्रोता संघटनेचा त्याला जोरदार पाठिंबा होता. प्रमाणपत्राविना कॅसेट विकणे वा भाड्याने देणे हा गुन्हा ठरला आणि प्रमाणपत्र देण्याचे काम सेन्सॉर बोर्डाकडे आले. याच सुमारास बोर्डाने आपल्या नावातील ‘सेन्सॉर्स’ हा शब्द काढून ‘क्लासिफिकेशन’ हा सौम्य शब्द घेतला. प्रत्यक्षात मात्र बोर्डाचा अधिकार आता वाढला होता. चित्रपटगृहांच्या बाबतीत त्याचे मत सल्ल्यासारखे होते व अंतिम सत्ता नगरपरिषदांची होती. कॅसेटच्या बाबतीत त्याच्या शब्दामागे प्रथमच थेट कायदा उभा राहिला. शिवाय, प्रमाणपत्र देताना ती कॅसेट घरात पाहिली जाण्याची शक्यता विशेषत्वाने लक्षात घ्यावी, असे या कायद्याने सांगितले. सेन्सॉरच्या इतिहासातील हे मोठे वळण होय. दृश्यात काय आहे, यासोबत ते कोणत्या खोलीत पाहिले जाईल, हाही आता कायद्याचा प्रश्न झाला.

जुन्या कॅसेटना प्रमाणपत्र घेण्यासाठी टप्प्याटप्प्याने मुदत दिली गेली आणि ती १९८८ मध्ये संपली. बोर्डाचे संचालक जेम्स फर्मन ‘द एक्झॉर्सिस्ट’च्या कॅसेटला मान्यता देण्यास राजी नव्हते, त्यामुळे ती दुकानांतून परत घ्यावी लागली. चित्रपटाच्या दर्जाबद्दल फर्मन यांचा आक्षेप नव्हता. त्याचा प्रभाव, विशेषतः किशोरवयीन मुलींवरील प्रभाव, ही त्यांची चिंता होती. क्लीव्हलंड (१९८७), रॉचडेल (१९९०) आणि ऑर्कनी (१९९१) येथील बालशोषणाच्या प्रकरणांनी त्या काळी ब्रिटिश समाज हादरला होता, आणि शेवटच्या दोन प्रकरणांत सैतानी विधींचे आरोपही झाले. ते पुढे टिकले नाहीत. १९९३ मधील जेम्स बल्जर या बालकाच्या हत्येनंतर व्हिडिओविषयीची भीती पुन्हा उसळली आणि १९९४ साली कायदा अधिक कडक झाला. अशा वातावरणात सैतानाने पछाडलेल्या मुलीची कॅसेट घराघरांत पाठविण्याची घाई कोणत्याही अधिकाऱ्याने केली नसती.

फर्मन यांची भूमिका हास्यास्पद ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. चित्रपटगृहात दारावर माणूस असतो, काळोखात शेजारी इतर प्रेक्षक असतात आणि चित्रपट एकदाच पुढे सरकतो. घरात एकटी मुलगी तेच दृश्य थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहू शकते. हा भेद खरा आहे. आक्षेप आहे तो उपायाला. घरात मूल असू शकते, एवढ्या शक्यतेवरून मूल नसलेल्या घरातील प्रौढांचाही हक्क गेला आणि पालकाची जागा शासनाने घेतली. दुसरी गोष्ट अधिक मासलेवाईक आहे. कायद्याने गुन्हा ठरविला तो कॅसेट पुरविण्याचा. ती स्वतःजवळ ठेवण्याचा वा पाहण्याचा नव्हे. म्हणून १९८१ ची कॅसेट ज्याच्या कपाटात होती, त्याच्या मुलांना ती पाहण्यापासून हा कायदा मुळीच रोखू शकत नव्हता. नवा ग्राहक तेवढा वंचित राहिला. जुन्या कॅसेट आणि त्यांच्यावरून काढलेल्या पुसट प्रती हातोहाती फिरत राहिल्या, आणि न पाहिलेल्या चित्रपटाची दहशत पाहिलेल्यापेक्षा मोठी झाली. ज्यांनी तो पाहिला नव्हता अशा एका संपूर्ण पिढीने तो ऐकीव गोष्टींतून ओळखला.

मान्यता आणि त्यानंतर

१९९८ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त चित्रपट ब्रिटनमध्ये पुन्हा झळकला. त्याच वर्षी समीक्षक मार्क करमोड यांच्या सहभागाने बनलेला ‘द फिअर ऑफ गॉड’ हा माहितीपट बीबीसीने दाखविला. फर्मन यांच्या निवृत्तीनंतर फेब्रुवारी १९९९ मध्ये बोर्डाने कॅसेटला ‘१८’ प्रमाणपत्र दिले, तेही एकही दृश्य न कापता. २००१ साली तो चॅनल ४ वरून प्रसारित झाला आणि घरात येण्यासाठी त्याला दुकानाचीही गरज उरली नाही.

या इतिहासाचे एक प्रकरण पुढे लिहिले गेले. युरोपीय समुदायाच्या नियमांनुसार १९८४ च्या कायद्याची सूचना युरोपीय आयोगाला देणे आवश्यक होते. ती दिलीच गेली नव्हती, असे ऑगस्ट २००९ मध्ये उघडकीस आले. त्यामुळे त्या कायद्याखाली खटले चालविणे अशक्य झाले आणि जानेवारी २०१० मध्ये संसदेला तोच कायदा जवळजवळ शब्दशः पुन्हा संमत करावा लागला. तोपर्यंत ‘द एक्झॉर्सिस्ट’ला दुकानाच्या फळीवर दहा वर्षे होऊन गेली होती.