राजा हरिश्चंद्र बोलू लागला : मराठी बोलपटाचे पहिले वर्ष, १९३२

हरिश्चंद्र-तारामतीचे आख्यान मराठी माणसाने प्रथम ऐकले ते देवळाच्या सभामंडपात. उत्सवाच्या रात्री समयांच्या उजेडात हरिदासबुवा उत्तररंगाला हे आख्यान लावीत. राजाने स्वप्नात दिलेल्या वचनासाठी राज्य सोडले, काशीच्या बाजारात पत्नीची व पुत्राची विक्री केली आणि स्वतः डोंबाघरी स्मशानाची राखण पत्करली, हा प्रसंग येताच मंडपातील आयाबाया पदराने डोळे टिपीत. कीर्तनातून ही कथा रंगभूमीवर गेली आणि रंगभूमीवरून पडद्यावर आली. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात दोन महत्त्वाच्या वळणांवर हाच सत्यवचनी राजा उभा असलेला दिसतो, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. १९१३ साली तो मुक्याने अवतरला आणि १९३२ साली मराठीत बोलू लागला. या दुसऱ्या वर्षाची ही हकीकत आहे.

मुका राजा आणि पुरुष तारामती

बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लोकांपुढे ठेवला. दत्तात्रय दामोदर दाबके हे त्यात हरिश्चंद्र झाले होते. फाळक्यांचा पुत्र भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी मात्र स्त्री मिळेना. कुलीन घरातील स्त्री या धंद्यात येणे अशक्यच होते. परंतु ज्यांच्याकडे समाज तुच्छतेने पाहत असे, त्या स्त्रियाही कॅमेऱ्यापुढे उभ्या राहावयास तयार नव्हत्या. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांच्या अंगावर लुगडे चढले आणि तारामतीचा प्रश्न सुटला. त्याच वर्षी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनी भूमिका करून ही कोंडी फोडली. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीही 'सैरंध्री'त स्त्रियांकडून स्त्रीभूमिका करवून घेतल्या. तरी समाजाच्या मनातील अढी सुटली नव्हती. चित्रपट पाहणे ही एक गोष्ट, आपल्या घरच्या लेकीसुनेने त्यात काम करणे ही अगदी वेगळी गोष्ट, असाच सर्वत्र समज होता.

ध्वनीचे आगमन

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' झळकला आणि हिंदुस्थानातील पडद्याला कंठ फुटला. झुबेदा आणि मास्टर विठ्ठल ही त्यातील प्रमुख जोडी होती. सात गाण्यांच्या या हिंदुस्थानी बोलपटापुढे लोकांची एवढी झुंबड उडाली की पोलिसांना पाचारण करावे लागले.

कोल्हापुरात या घटनेने मोठी चलबिचल झाली. तेथे १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, व्ही. शांताराम आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापन केली होती. कुलकर्णी हे पेढीवाले. बाकीचे चौघे बाबूराव पेंटरांच्या 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'त शिकून तयार झालेले. बेताच्या भांडवलावर उभ्या असलेल्या या कंपनीने दोन-अडीच वर्षांत सहा मूकपट काढून नाव कमावले होते. शिवचरित्रावरील 'उदयकाल' हा त्यांपैकीच एक. मूकपटाची भाषा या मंडळींना पूर्ण अवगत झाली होती आणि नेमक्या त्याच वेळी ती भाषा कालबाह्य होऊ लागली. बोलपट ही चार दिवसांची नवलाई आहे, असे आरंभी शांतारामांनाही वाटत होते. परंतु लोकांचा ओढा पाहता अधिक काळ थांबणे म्हणजे कंपनीला टाळे लावणे, हे लवकरच उमगले. नवी यंत्रे घेणे म्हणजे पुन्हा सर्वस्व पणाला लावणे होते. प्रभातच्या भागीदारांनी तो डाव खेळण्याचे ठरविले, आणि त्यासाठी कथा निवडली ती आबालवृद्धांच्या परिचयाची, हरिश्चंद्राची.

कोल्हापुरातील प्रयोग

आज ज्या गोष्टी सहज वाटतात, त्या त्या काळी किती अवघड होत्या याची कल्पना येणे कठीण आहे. पार्श्वगायन अद्याप जन्माला यावयाचे होते. ते हिंदी पडद्यावर रुळू लागले १९३५ च्या 'धूप छाँव'पासून. तोवर गाणे आणि अभिनय एकाच वेळी, एकाच दमात करावे लागे. ध्वनिग्राहक यंत्र कोठेतरी पडद्याआड वा झाडाआड दडवावयाचे, वादकांनी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसून साथ करावयाची, आणि मध्येच कोणी खोकला, एखादा कावळा ओरडला की सारे पुन्हा पहिल्यापासून. कॅमेऱ्याची घरघरही ध्वनिपट्टीवर उतरे. म्हणून त्यालाही झाकून ठेवावे लागे. नटाने मान वळविली वा दोन पावले दूर टाकली तरी आवाज हरवे. मूकपटात मोकळेपणाने वावरणारी पात्रे त्यामुळे आरंभीच्या बोलपटांत खिळल्यासारखी उभी दिसतात, यात नवल नाही.

प्रभातने यात आणखी एक भर घातली. एकच कथा मराठी व हिंदी अशा दोन भाषांत घ्यावयाची ठरली. प्रत्येक प्रसंग एकदा मराठीत व एकदा हिंदीत, असा दोनदा चित्रित झाला. नेपथ्य तेच, नट तेच, केवळ जिभेवरची भाषा वेगळी. 'अयोध्येचा राजा' आणि 'अयोध्या का राजा' ही जोडचित्रे अशा रीतीने निर्माण झाली. मराठी चित्रपटाचा प्रेक्षक मर्यादित आणि खर्च मात्र पूर्ण, या अडचणीवर प्रभातने शोधलेला हा उपाय पुढे अनेक वर्षे मराठी चित्रसंस्थांना उपयोगी पडला.

गोविंदराव टेंबे

हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी आणि संगीतासाठी प्रभातने ज्यांना बोलाविले ते गोविंदराव टेंबे हे नाव नाट्यरसिकांना नवे नव्हते. भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँसाहेब यांच्या गायकीचा संस्कार झालेले हे पेटीवादनातील असामान्य गृहस्थ. १९११ च्या 'मानापमान' नाटकातील पदांना त्यांनीच चाली दिल्या. १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते 'गंधर्व नाटक मंडळी'चे एक मालक झाले. पुढे त्यांनी स्वतःची 'शिवराज नाटक मंडळी' काढली. अशा प्रकारे रंगभूमीचे वैभव आणि तिची ओहोटी ही दोन्ही त्यांनी जवळून पाहिली होती. बोलपटात येताना त्यांनी नाट्यसंगीताचा अवघा ठेवा बरोबर आणला. आरंभीच्या मराठी चित्रगीतांना नाट्यपदांचे वळण लाभले, त्याचे कारण येथे आहे. ज्यांनी बालगंधर्वांसारखा स्त्रीभूमिकेचा सम्राट जवळून पाहिला, त्याच टेंब्यांसमोर आता तारामती म्हणून उभी राहणार होती एक खरीखुरी स्त्री, आणि तीही प्रतिष्ठित घराण्यातील.

दुर्गाबाई खोटे यांचे पाऊल

१४ जानेवारी १९०५ रोजी जन्मलेल्या दुर्गाबाईंचे माहेर मुंबईतील लाडांचे. वडील पांडुरंग शामराव लाड. कुटुंब मूळचे गोव्याकडील आणि घरातील बोली कोकणी. दुर्गाबाईंचे शिक्षण कॅथीड्रल शाळेत व सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. विवाह झाला तोही खोट्यांच्या सधन घरात. पुढे सासरची आर्थिक घडी विस्कटली, पदरी दोन लहान मुलगे होते, आणि स्वतःच्या पायांवर उभे राहणे भाग पडले. १९३१ साली 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक लहानशी भूमिका केली. लाडांची लेक व खोट्यांची सून पडद्यावर दिसली, यावरून समाजात मोठा गहजब झाला. चित्रपटाचीही टीकाच झाली. सामान्य स्त्री अशा वेळी घराचे दार लावून बसली असती.

अशा मनःस्थितीत प्रभातकडून तारामतीच्या भूमिकेची मागणी आली. भूमिका पतिव्रतेची, कथा पुराणातली, सोबत टेंब्यांसारखे मान्यवर गृहस्थ. तरीही पहिल्या अनुभवाचा चटका ताजा असताना पुन्हा त्याच वाटेने जाणे हे धैर्याचेच काम होते. दुर्गाबाई कोल्हापुरास गेल्या. दोन्ही भाषांतील संवाद त्यांनी स्वतः म्हटले आणि गाणीही स्वतः गायिली. त्यांच्याबरोबर मास्टर विनायक नारद झाले, बाबूराव पेंढारकरांनी गंगानाथ उभा केला आणि दिगंबर या बालनटाने रोहिदासाचे काम केले.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला. मराठी भाषेतील हा पहिला बोलपट. लोकांनी तो उचलून धरला. ज्या समाजाने काही महिन्यांपूर्वी नाके मुरडली होती, त्याच समाजातील कुटुंबे तारामतीचे दुःख पाहून गहिवरली. अण्णा साळुंके यांच्या तारामतीपासून दुर्गाबाईंच्या तारामतीपर्यंतचे अंतर एकोणीस वर्षांचे. परंतु समाजमनाने त्या अवधीत केलेला प्रवास त्याहून पुष्कळ मोठा होता. तो पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही. दुर्गाबाईंच्या यशाने सुशिक्षित मुलींना वाट मोकळी झाली हे खरे. पण त्यांच्याआधी ज्या स्त्रियांनी बोल सोसून ही वाट पाडली, त्यांच्या वाट्याला तसा मान आला नाही, हेही तितकेच खरे आहे.

त्या वर्षीची इतर चित्रे

१९३२ हे वर्ष केवळ प्रभातचे नव्हे. ज्या दिवशी मुंबईत 'अयोध्येचा राजा' लागला, त्याच ६ फेब्रुवारीस तेलुगू भाषेतील पहिला बोलपट 'भक्त प्रह्लाद' प्रदर्शित झाल्याचे अलीकडील संशोधनातून पुढे आले आहे. ९ एप्रिलला 'नरसिंह मेहता' हा गुजरातीतील पहिला बोलपट आला. बंगालीत देवकी बोस यांचा 'चंडीदास' गाजला. राजाचे सत्य, बालकाची भक्ती आणि संतांची प्रीती हेच त्या वर्षीच्या भारतीय बोलपटाचे बोल होते. कीर्तनाचा व उत्सवी नाटकांचा श्रोताच चित्रपटगृहात येऊन बसला होता आणि निर्मात्यांनी त्याची नाडी अचूक ओळखली होती.

मराठीतही त्याच वर्षी दादासाहेब तोरणे यांच्या 'सरस्वती सिनेटोन'ने भालजी पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली 'श्यामसुंदर' काढला. त्यातील बाळकृष्ण म्हणजे शाहू मोडक आणि राधा म्हणजे शांता आपटे. मोडक हे अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. पण पुढे कृष्ण म्हटला की मोडकांचीच मूर्ती डोळ्यांपुढे यावी इतक्या वेळा त्यांनी ती भूमिका केली. 'श्यामसुंदर' मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. प्रभातने वर्ष संपण्यापूर्वी 'अग्निकंकण' व 'मायामच्छिंद्र' हे आणखी दोन बोलपट पूर्ण केले. पुढील वर्षी ही संस्था पुण्यास गेली. तेथे तयार झालेल्या 'संत तुकाराम'ची १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली, ते फळ १९३२ मध्ये पेरलेल्या बीजाचेच होते.

रंगभूमीने दिलेली किंमत

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या रंगभूमीने बोलपटाला गायक, नट, कथा आणि चाली पुरविल्या, तीच त्याच्या तडाख्यात सापडली. चार आण्यांत दोन-अडीच तासांत संपणारा आणि गावोगाव एकाच वेळी दाखविता येणारा खेळ मिळू लागल्यावर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या नाटक मंडळ्यांचा निभाव लागणे कठीण झाले. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची 'बलवंत संगीत मंडळी' ही रसिकमान्य संस्था. तिनेही काळाची पावले ओळखून १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढला. तो पडला आणि मंडळी कर्जात बुडाली. प्रत्यक्ष बालगंधर्वही १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या, भूमिकेत उभे राहिले. पण रंगभूमीवरील त्यांची जादू पडद्यावर उतरली नाही. नव्या माध्यमाने कोणाला हात दिला आणि कोणाचा हात सोडला, याचा हिशेब मांडताना ही नावे विसरून चालणार नाही.

उरलेला ठेवा

'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 'अयोध्येचा राजा' मात्र वाचला आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याचे जतन झाले. आजही तो पाहता येतो आणि टेंब्यांचा व दुर्गाबाईंचा तो पहिला आवाज ऐकता येतो. दुर्गाबाईंनी पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ पडदा व रंगमंच गाजविला. १९८२ मध्ये त्यांचे 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला, आणि २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या फाळक्यांना आपल्या पहिल्या चित्रपटासाठी एकही स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा सन्मान पहिल्या मराठी बोलपटातील तारामतीला मिळावा, हा त्या कथेचा समर्पक उत्तररंग होय.

सभामंडपातील समया विझल्या, हरिदासबुवांची वीणा खाली ठेवली गेली, तरी आख्यान संपत नाही. ते दुसऱ्या मुखाने पुन्हा सुरू होते. १९३२ साली ते मुख पडद्याचे होते, आणि त्यातून उमटलेले शब्द मराठी होते.