परदेशी डॉक्टर आणि परवान्याची परीक्षा

आपल्या समाजातील मुले-मुली आज वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. प्रवेश मिळाला की घरात मिठाई वाटली जाते आणि पदवी मिळाली की आईवडिलांना वाटते, आता परीक्षा संपल्या. परंतु हाच डॉक्टर जेव्हा दुसऱ्या देशात रुग्णसेवा करू इच्छितो, तेव्हा त्याला पुन्हा एकदा उमेदवार म्हणून उभे राहावे लागते. पुष्कळांना यात अपमान वाटतो. "आम्ही काय डॉक्टर नाही?" असा प्रश्न विचारला जातो. ही परीक्षा आली कोठून, ती कोणी व का सुरू केली आणि तिच्यात नेमके काय तपासतात, याचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचे उत्तर सापडते. म्हणून हा थोडक्यात आढावा.

बगदादचा दाखला

वैद्याची परीक्षा ही काही आजची कल्पना नव्हे. अब्बासी खलिफांच्या काळी बगदाद शहरात निरनिराळ्या देशांचे आणि धर्मांचे वैद्य एकत्र आले होते. जुंदिशापूरचे ख्रिस्ती वैद्य तेथे मोठ्या मानाने बोलावले गेले. खलिफा हारून अल्-रशीदच्या दरबारी मनका नावाचा हिंदी वैद्य होता, असे जुन्या अरबी ग्रंथकारांनी नोंदवून ठेवले आहे. या परदेशी वैद्यांचा परवाना म्हणजे त्यांची कीर्ती.

परंतु कीर्तीवर सर्वांचाच निभाव लागत नाही. हिजरी ३१९ म्हणजे इसवी सन ९३१ च्या सुमारास एका वैद्याच्या चुकीने बगदादमध्ये एक रुग्ण दगावला. ही वार्ता खलिफा अल्-मुक्तदिरच्या कानी गेली. त्याने हुकूम काढला की, सिनान इब्न साबितने परीक्षा घेऊन परवानगी दिल्याखेरीज कोणीही वैद्यकी करू नये. नामांकित आणि सरकारी सेवेतील वैद्य वगळूनही आठशे साठांहून अधिक लोकांना ही परीक्षा द्यावी लागली, असे इतिहासकार लिहितात. परीक्षक सिनान हा स्वतः हर्रानच्या साबी घराण्यातला. म्हणजे राजधानीतील वैद्यांची परीक्षा घेण्याचा मान बाहेरून आलेल्या घराण्यातील विद्वानाला मिळाला होता. या परीक्षेमागचा विचार आजही तोच आहे. वैद्य कोठूनही आलेला असो, त्याच्या हाती जीव सोपवणाऱ्या रुग्णाला खात्री मिळाली पाहिजे.

दिलेली आणि काढून घेतलेली मान्यता

आता हजार वर्षे ओलांडून इंग्लंडकडे वळू, कारण आपल्याकडील डॉक्टरांचा परदेशाशी पहिला मोठा संबंध तेथेच आला. १८५८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाली आणि पात्र डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. १८९२ पासून हिंदुस्थानातील विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना या कौन्सिलने मान्यता दिली. मुंबई विद्यापीठाचा पदवीधर आता लंडनमध्ये वेगळी परीक्षा न देता आपले नाव नोंदवू शकत होता.

ही मान्यता कायमची ठरली नाही. येथील महाविद्यालयांतील शिक्षणाबद्दल, विशेषतः प्रसूतिशास्त्राच्या प्रत्यक्ष अनुभवाबद्दल, कौन्सिलने शंका काढल्या आणि १९३० साली मान्यता काढून घेतली. हिंदुस्थानात नाराजी पसरली. परंतु त्यातून एक चांगली गोष्ट घडली. १९३३ च्या कायद्याने आपली स्वतःची वैद्यकीय परिषद निर्माण झाली आणि नंतर काही वर्षांतच ब्रिटनची मान्यता परत मिळाली.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. रुग्णालये सर्वांना खुली झाली, पण डॉक्टर अपुरे पडू लागले. भारत, पाकिस्तान, श्रीलंका येथील तरुण डॉक्टर मोठ्या संख्येने तिकडे गेले. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील या सेवेतल्या डॉक्टरांपैकी जवळजवळ एक तृतीयांश परदेशात जन्मलेले व तेथेच शिकलेले होते. ज्या गावांत आणि ज्या शाखांत इंग्रज डॉक्टर जाण्यास राजी नसत, तेथे आपले डॉक्टर रात्रपाळ्या करीत. ती सेवा त्यांनी उभी ठेवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९७५ हे वर्ष येथे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मेरिसन समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. परदेशी डॉक्टरांपैकी काहींचे कौशल्य व भाषा यांविषयी त्यात स्पष्ट चिंता होती. त्याच वर्षी भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा गेली आणि परदेशी डॉक्टरांसाठी वेगळी परीक्षा सुरू झाली. पुढे तिचेच नाव 'प्लॅब' पडले. पहिल्या काळात अर्ध्याहून अधिक उमेदवार तिच्यात नापास झाले. कालपर्यंत ज्यांच्यावाचून वॉर्ड चालत नव्हता, त्यांच्याच बांधवांना आज दाराशी थांबवले, ही खंत रास्त होती.

अमेरिकेची वाट

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली ज्या फिलाडेल्फिया शहरात एम.डी. पदवी मिळवली, त्याच शहरात परदेशी डॉक्टरांच्या पात्रतेची तपासणी करणाऱ्या संस्थेचे मुख्य कार्यालय आज आहे. तिची पहिली परीक्षा १९५८ साली झाली. चाळीस वर्षे ही परीक्षा लेखीच होती. १९९८ मध्ये परदेशी पदवीधरांसाठी प्रत्यक्ष रुग्णतपासणीची परीक्षा आली आणि २००४ पासून अमेरिकन विद्यार्थ्यांनाही तशीच परीक्षा द्यावी लागू लागली. उमेदवार एका दिवसात बारा 'रुग्ण' तपासत असे, प्रत्येकास पंधरा मिनिटे. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये ती थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद केल्याचे जाहीर झाले. परदेशी डॉक्टरांना मात्र कौशल्याचा दाखला आणि वैद्यकीय इंग्रजीची परीक्षा यांतून सुटका मिळाली नाही.

आठ मिनिटांचा रुग्ण

या परीक्षेची आजची पद्धतही १९७५ सालचीच देणगी आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी त्या वर्षी एक नवी रचना मांडली. पूर्वी एखादा परीक्षक एका रुग्णावरून गुण देई. रुग्ण सोपा मिळाला तर नशीब, अवघड मिळाला तरी नशीब. हार्डेन यांनी अनेक छोटी स्थानके कल्पिली. प्रत्येक उमेदवाराने क्रमाने सर्व स्थानकांवरून जायचे आणि सर्वांना सारखेच काम द्यायचे.

ब्रिटनची परीक्षा मँचेस्टर येथे याच रीतीने होते. खोलीच्या दारावर चिठ्ठी असते, ती वाचायला मिनिट-दीड मिनिट मिळते. घंटा वाजते. आत बहुधा रुग्णाची भूमिका करणारा नट किंवा नटी असते आणि कोपऱ्यात परीक्षक शांत बसलेला असतो. काम आठ मिनिटांत संपवायचे. कोणाच्या छातीत दुखते, कोणाच्या मुलाला ताप आहे, कोणाला गाठ कर्करोगाची निघाल्याचे सांगायचे आहे. मग पुन्हा घंटा आणि पुढचे दार.

आपल्या हुशार मुलांची अडचण येथे होते, आणि ती बहुधा ज्ञानाच्या अभावी होत नाही. आपल्या सरकारी दवाखान्यात सकाळी शंभर रुग्णांची रांग असते. डॉक्टर दोन प्रश्न विचारून औषध लिहितो, त्याला इलाजही नसतो. रोग गंभीर असला तर तो बाहेर उभ्या असलेल्या भावाला किंवा मुलाला सांगितला जातो. तेथे मात्र डॉक्टरने आधी आपले नाव सांगावे लागते, हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते आणि वाईट बातमी प्रथम रुग्णालाच, बेताने सांगावी लागते. "तुम्हाला कशाची भीती वाटते?" हा प्रश्न विचारल्याबद्दलही गुण असतात.

भाषेची गोष्ट तशीच. आपल्याकडचा रुग्ण म्हणतो, "अंग मोडून आलंय, जीव घाबरा होतोय, पोटात गोळा उठतो." इंग्रज डॉक्टर कितीही विद्वान असला तरी या तीन वाक्यांपुढे थांबेल. त्याचप्रमाणे इंग्रज म्हाताऱ्याचे घरगुती बोलणे पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

या परीक्षा पूर्णपणे न्याय्य आहेत, असेही मी म्हणणार नाही. ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांच्या अशाच एका प्रात्यक्षिक परीक्षेत परदेशी पदवीधर फार मोठ्या प्रमाणात नापास होतात, म्हणून भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने दावा लावला. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने परीक्षा कायदेशीर ठरवली, पण संघटनेचे नैतिक यश मान्य केले. तक्रार करणे आणि तयारी करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात, हे त्या डॉक्टरांनी दाखवून दिले.

आपल्या दारीही परीक्षा

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रशिया, चीन, कझाकस्तान अशा देशांतून एम.बी.बी.एस. समकक्ष पदवी घेऊन येणाऱ्या आपल्याच मुलांची २००२ पासून भारत परीक्षा घेतो. तीनशे प्रश्न, उत्तीर्ण होण्यास दीडशे गुण. त्यात बहुसंख्य उमेदवार नापास होतात. जमीन विकून किंवा कर्ज काढून मुलाला परदेशी पाठवण्यापूर्वी महाविद्यालयाच्या इमारतीचे चित्र पाहू नये. तेथे रुग्ण किती येतात आणि विद्यार्थ्याला त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलावे लागते, हे विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, पदवीची मान्यता ही दुसऱ्याने दिलेली वस्तू आहे. १८९२ मध्ये ती दिली गेली, १९३० मध्ये काढली, पुन्हा दिली आणि १९७५ मध्ये पुन्हा काढली. त्यावर तुमचा-आमचा ताबा नाही. रुग्णाचे ऐकून घेण्याची आणि त्याला समजेल असे बोलण्याची सवय मात्र कोणतेही कौन्सिल काढून घेऊ शकत नाही. ती सवय लावण्यासाठी मँचेस्टरला जाण्याची गरज नाही. वर्गात उभे राहून स्वच्छ उत्तर द्या, इंग्रजी नुसते पाठ न करता बोला आणि घरी आजारी आजीजवळ दहा मिनिटे बसून तिला काय होते आहे ते विचारा. परीक्षेची तयारी तेथूनच सुरू होते.