पुरुषांचें मुकें दुःख

दुष्काळांत गुरें किती मेलीं, भूकंपांत घरें किती पडलीं, याचे आंकडे सरकारी दप्तरांत सांपडतात. त्या आपत्तींतून वाढलेल्या मुलाच्या मनाचें काय झालें, हें मात्र तेथें सांपडत नाहीं. त्यांतून तो मुलगा असेल, तर ‘बाप्या माणसानें रडूं नये’ एवढें सांगून त्याचें दुःख मिटविलें जातें. नांदेड-लातूरच्या इतिहासाची ही बाजू वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. तिच्या अखेरीस रझाकारांनीं केलेले अत्याचार आणि पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर उगविलेला सूड, या दोहोंत असंख्य घरें उद्ध्वस्त झालीं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें सर्वाधिक पोळलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड व उस्मानाबाद यांची गणना केली; लातूर तेव्हां उस्मानाबादेंतच मोडत असे. त्या घरांतील मुलगे पुढें बाप झाले, आजे झाले. पण त्यांच्या मनाची विचारपूस करण्याची रीत आपल्याकडे नव्हती. वास्तविक स्कॉटलंडांतील क्रेगलॉकहार्ट येथें १९१७ सालींच डॉ. रिव्हर्स यांनीं युद्धानें खचलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करतांना ओळखलें होतें कीं, ‘विसरून जा’ म्हटल्यानें आठवण जात नाहीं. ती रात्रीं स्वप्नांत परत येते.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे, गणपति विसर्जनाच्या रात्रीं, किल्लारी-सास्तूर भागांत दगडमातीच्या भिंती व जड माळवदें झोंपलेल्यांवर कोसळलीं. सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. भारतीय जैन संघटनेनें सुमारें १,२०० मुलें शिक्षणासाठीं पुण्यास नेलीं. या वेळीं मनाकडेही लक्ष गेलें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास करविला. त्याचे प्रमुख डॉ. मोहन आगाशे होते.

समुपदेशक करतो तरी काय? तो आधीं ऐकतो. ‘मीच कां वांचलों?’ हा प्रश्न वर्षानुवर्षें उराशीं बाळगणाऱ्या पुरुषास तो घाई न करतां बोलतें करतो. तुटक आठवणींची संगति लावतो. जें घडलें तो त्या अजाण मुलाचा दोष नव्हता, हें त्याच्या स्वतःच्या तोंडून वदवितो. झोंप उडाली असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर वेळींच डॉक्टरांकडे पाठवितो.

२०१५ सालीं राज्य सरकारनें शेतकरी-आत्महत्यांनीं ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. नांदेड व लातूर त्यांत होते. खचलेल्या शेतकऱ्यास हुडकून त्यास समुपदेशन मिळवून देण्याच्या कामीं ‘आशा’ कार्यकर्तींची योजना झाली. किल्लारीच्या वेळीं दहा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हां बत्तीस वर्षांचा कर्ता पुरुष झाला होता. त्याच्या माथ्यावरील कर्ज दिसत होतें. लहानपणींचा भूकंप कोणास दिसत नव्हता. २०२२ पासून ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनीसेवाही सुरू झाली आहे.

समुपदेशनानें पाऊस पडत नाहीं, कीं कर्ज फिटत नाहीं, हें आम्ही जाणतों. तें काम धोरणांचें आहे. परंतु ज्याचें मन आंतून ढांसळलें आहे त्यास नुसतें धान्य व पत्रे देऊन उभें करतां येत नाहीं, हा या पाऊणशें वर्षांचा धडा आहे. आपल्या घरांतील अबोल पुरुषास ‘तुझ्या लहानपणीं काय झालें?’ असें विचारून शांतपणें ऐकून घेणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.