घोडदौडीची बांधाबांध

नाशिकाहून दिंडोरीच्या रस्त्यानें उत्तरेस जाऊं लागलें म्हणजे सातमाळा डोंगराची रांग समोर आडवी पसरलेली दिसते. सप्तशृंग, मार्कंडा, धोडप, कांचना हीं शिखरें पाहण्यासाठीं मोटारसायकली व जीपगाड्या घेऊन आडवाटेनें जाणाऱ्या तरुणांची आज वाण नाहीं. निघण्यापूर्वीं काय घ्यावें, काय टाकावें, कोणती वस्तु हाताशीं ठेवावी, याविषयींचा त्यांचा खल आम्हीं अनेकदां ऐकला आहे. तो ऐकतांना याच डोंगरांत इ. स. १६७० सालीं घडलेला एक प्रसंग आम्हांस आठवतो.

मराठा स्वाराचें सामान हलकें, म्हणून त्याची दौड मोठी, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. त्या हलकेपणामागें केवढी तयारी होती, हें कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून कळतें. पावसाळ्यांत लष्करानें छावणीस यावें. दाणा, वैरण, औषधें व घोड्यांसाठीं गवतानें शाकारलेल्या पागा आधींच तयार असाव्या. दसरा झाला म्हणजे मुलूखगिरीस निघावें. निघतांना प्रत्येकाजवळील चीजवस्तूंची यादी व्हावी आणि परत आल्यावर झाडा घेऊन ती ताडून पाहावी. बायका, बटकी, कलावंतिणी यांस लष्करांत मज्जाव. परंतु याच व्यवस्थेंत पंचवीस बारगिरांमागें एक पखालजी व एक नालबंद मात्र नेमलेला असे! काळ्या कातळाच्या वाटेवर एक नाल निखळला तर चांगलें जनावरही निकामी होतें, हें जाणणाऱ्याची ही योजना आहे. जें नको तें कठोरपणें गाळावयाचें आणि ज्यावांचून अडेल तें कधींही विसरावयाचें नाहीं, हें तिचें सार होय.

या शिस्तीची खरी कसोटी मात्र हलक्या दौडींत लागली नाहीं. ती भारी दौडींत लागली. पुरंदरच्या तहानें १६६५ मध्यें तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले होते. १६७० च्या आरंभीं युद्ध पुन्हां पेटलें; गेलेले किल्ले परत घ्यावयाचे तर द्रव्य हवें होतें. ता. ३ आक्टोबर रोजीं महाराज सुरतेंत शिरले व ५ तारखेस तेथून निघाले. मोगल सरकारच्या चौकशींत ही लूट सहासष्ट लाखांची ठरली. ती जनावरांवर लादून बागलाणांतून सह्याद्रि उतरावयाचा होता. जें सैन्य वाऱ्यासारखें आलें, त्याच्या पाठीवर आतां राज्याचें भांडवल होतें; आणि मोगल सरदार दाऊदखान कुरेशी चांदवडास येऊन ठेपला होता.

ता. १७ आक्टोबरच्या पहांटेस काय दिसलें, हें दाऊदखानाच्या सैन्याबरोबर असलेल्या भीमसेन सक्सेन्याच्या वृत्तान्तावरून समजतें. महाराजांचें निम्में सैन्य कांचनचा घाट ओलांडून नाशिकच्या वाटेस लागलें होतें. उरलेलें मागून येणाऱ्यांसाठीं घाट धरून होतें. लुटीचे घोडे पुढें लावून महाराज स्वतः मागें राहिले, असें सभासद सांगतो. पिछाडीस प्रतापराव गुजर, व्यंकोजी दत्तो यांसारखे सरदार दहा हजारांनिशीं तोंड फिरवून उभे होते.

मोगलांच्या आघाडीचा सरदार इखलासखान मियाना टेकडीवर चढला, तों समोर शत्रु सज्ज! त्याच्या शिपायांचीं चिलखतें मात्र उंटांवर लादलेलीं होतीं. शिपाई तीं उतरवून अंगावर चढवूं लागले. तेवढाही धीर न धरतां खान मूठभर लोकांनिशीं पुढें घुसला आणि थोड्याच वेळांत जखमी होऊन घोड्यावरून खालीं आला.

पुढची लढाई तासन्‌तास चालली. बुंदेले बंदुकदारांनीं मराठ्यांस थोपविलें, दाऊदखानानें तोफांच्या माऱ्याखालीं इखलासखानास सोडवून नेलें, मोगल सैन्य रणावरच राहिलें. हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु रण राखणें हा महाराजांचा हेतूच नव्हता. ओझें सुखरूप कोंकणांत उतरलें. आणि दाऊदखान मोडकें सैन्य घेऊन नाशिकास महिनाभर थांबला. १६७१ च्या आरंभीं साल्हेरही स्वराज्यांत आला.

त्या सकाळीं ओझें दोन्हीं पक्षांजवळ होतें, आणि मराठ्यांचें कदाचित् अधिकच. भेद एवढाच, कीं एका पक्षाचें ओझें पुढें निघून गेलें होतें व त्याचे हात मोकळे होते. दुसऱ्याचें संरक्षणच ओझें होऊन उंटावर बांधलेलें होतें. इखलासखानास शौर्य कमी नव्हतें, चिलखतेंही होतीं. पण तीं वेळेस हाताशीं नव्हतीं. आमच्या तरुण मित्रांनीं कांचन्याच्या पायथ्याशीं गाडी उभी करून पिशव्यांच्या गांठी सोडतांना त्या उंटांचें स्मरण करावें, एवढीच आमची सूचना आहे.