व्यवसाय कर आणि पोटासाठी सोडलेले गाव

नोकरदाराच्या पगारातून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाचे 2500 रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. हा कर महाराष्ट्रात 1975 साली आला. त्यामागे एक सामाजिक हेतू होता. शहरातील मिळवत्या माणसाने दुष्काळी खेड्यातील मजुराच्या हाताला काम द्यावे, हा तो हेतू.

1972 च्या दुष्काळात पोटासाठी गावे सुटू लागली. सरकारने दुष्काळी कामे काढली. मे 1973 मध्ये त्यांवर सुमारे 50 लाख माणसे राबत होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या विचाराला यातून बळ मिळाले. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. व्यवसाय कर, शहरातील दुकाने-कार्यालयांवरील रोजगार हमी उपकर यांतून निधी उभा राहिला. सरकारने त्यात तितकीच भर घालावी, असे ठरले.

पण सरकारचा दुसरा हात उलट दिशेने ओढत होता. ठाण्याला 1853 मध्ये, कल्याणला 1854 मध्ये रेल्वे आली होतीच. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. वागळे इस्टेट, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत येथे सार्वजनिक पैशातून रस्ते, पाणी आले. कारखान्यांमागून माणसे आली. 1964 पासून मागास भागातील उद्योगांना सवलती मिळाल्या. तरी कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात कारखाना क्वचितच पोहोचला.

मुंब्रा-कौशात 1992-93 च्या दंगलींनंतर जीव वाचवण्यासाठी आलेली कुटुंबे आहेत, तशी पोटासाठी आलेलीही आहेत. त्यांची मुले आमच्यासमोर बसतात. बाप गवंडीकाम किंवा हमाली करतो. पेरणीला कुटुंब गावी जाते आणि मुलाची शाळा सुटते. तिथे उर्दू शाळा नसेल, तर मूल दोन्हीकडून मागे पडते.

रोजगार हमीने स्थलांतर थांबले नाही. ऊसतोडीला जाणारे गेलेच. पण गावातच मजुरी मिळाल्याने अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, घर सोडावे लागले नाही. पुढे 1988 मध्ये घटनादुरुस्तीने या कराची कमाल मर्यादा वर्षाला 2500 रुपये केली. ती आजही तेवढीच आहे. महागाई मात्र कितीतरी पटींनी वाढली.

शहरात लोंढे येतात, अशी तक्रार आपल्या मोहल्ल्यांतही ऐकू येते. तक्रार करण्याआधी आम्ही एवढेच विचारू : आपण भरलेला कर खर्च कुठे झाला? हा हिशेब मागण्याची सवय आपल्या समाजाला लागली पाहिजे.