मडक्यातला नाग आणि काचेच्या पेटीतला पायथन

आजचा विषय एका मेसेजमुळे सुचला. आपला एक कोल्हापूरचाच ऐकणारा आहे, त्यानं लिहिलंय, "भावा, बॉल पायथन घेतलाय. चार दिवस झाले, हात लावला की गोळा होऊन बसतोय. खातपण नाही. त्याला माझी सवय कधी लागणार?"

उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण हा प्रश्न आपल्या भागात काही नवीन नाही. कोल्हापुरातून हायवेनं पेठ नाक्यापर्यंत जायचं आणि आत वळायचं, की शिराळा येतं. सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा. तिथल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या रानातला ताजा पकडलेला नाग घरात आणून ठेवलाय. पायथन नाही, नाग. विषारी.

गोष्ट अशी सांगतात. गोरक्षनाथ महाजनांच्या घरी भिक्षा मागायला आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून तिला यायला उशीर झाला. नाथांनी कारण विचारलं आणि मातीचा नाग जिवंत करून दाखवला. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नागाची पूजा, अशी श्रद्धा आहे. आख्यायिका म्हणून ऐका, पण गावाच्या लेखी तो हक्काचा मुद्दा आहे आणि पुढं कोर्टात जे झालं ते समजायला ही गोष्ट लागते.

आता पद्धत बघा. बेंदूर झाला की पोरं टोळ्या करून रानात जायची. बांध, बिळं, उकिरडे शोधायची. सापडलेला नाग मडक्यात सोडायचा, तोंडाला कापड बांधायचं आणि मडकं घरात सावलीत ठेवायचं. नागपंचमीपर्यंत त्याला बेडूक, उंदीर घालायचे. शिराळकर एक गोष्ट अभिमानानं सांगतात, की आम्ही दात काढत नाही. हा अभिमान रास्त आहे. गारुड्यांकडच्या नागाचे दात उपटलेले असायचे, कधी तोंडच शिवलेलं असायचं. तोंडात जखमा घेऊन असा साप उपाशीच मरतो. वर त्याला दूध पाजायचं! साप दूध पचवू शकत नाही. अनेक दिवस तहानलेला ठेवला की समोर येईल ते पितो, एवढंच.

मला त्या मडक्याचं फार कौतुक वाटतं. अंधार, गारवा, चारी बाजूंनी अंगाला लागणारी भिंत. आज परदेशातला कुठलाही साप पाळणारा पहिल्या दिवशी हेच सांगतो, की पेटीत लपायला घट्ट जागा द्या. सापाला मोकळी, उजेडाची काचेची पेटी म्हणजे भर चौकात झोपल्यासारखं आहे. शिराळ्याच्या लोकांना हे कुठल्याही व्हिडिओशिवाय कळलं होतं.

पण मग पंचमीचा दिवस यायचा. अंबामातेच्या देवळात दर्शन, बँडबाजा, गाड्यांवरून मिरवणूक, आणि स्पर्धा. कुणाचा नाग लांब, कुणाचा नाग जास्त उंच फणा काढतो. समोर मडकं हलवायचं, नाग हललेल्या वस्तूकडं डोलायचा, लोक टाळ्या वाजवायचे. इथं माझं शिराळकरांशी पटत नाही. फणा म्हणजे नागाचं 'लांब हो, नाहीतर चावेन'. म्हणजे बक्षीस सगळ्यात घाबरलेल्या नागाला. आठवडे मडक्यात जपलेला जीव एका दुपारी गर्दीत काढायचा, हे मडक्याच्या शहाणपणाला शोभत नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग पकडायला, बाळगायला बंदी केली. तरी शिराळ्यात प्रथा चालू राहिली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जिवंत नाग पकडण्यावर कडक बंदी आणली. मग गावानं प्रतिमा पुजली, वनखात्याची गस्त बसली, आणि दरवर्षी नाराजीही राहिली. त्यात २०२२ च्या दुरुस्तीत नाग पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत गेला. २०२५ मध्ये केंद्रानं २१ नाग पकडायला परवानगी दिली, तीही शिक्षण आणि अभ्यासासाठी, करमणुकीसाठी नाही.

शिक्षण म्हटलं की आपल्याच जिल्ह्यातलं नाव घ्यावं लागतं. चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत बाबुराव टक्केकर या शिक्षकांनी शाळेत सर्पशाळा उभी केली. पोरं साप ओळखायला शिकली, त्याला कसं धरायचं आणि कधी धरायचं नाही तेही शिकली. दुसरं नाव पुण्याचे नीलिमकुमार खैरे. १९८० मध्ये ते ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका काचेच्या खोलीत बसले. साप अंगावरून फिरले, चावले नाहीत. त्या ७२ सापांना कुणी शिकवलं नव्हतं. दचकायचं नाही, झटका द्यायचा नाही, ही सवय खैऱ्यांना होती. पुढं १९८६ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं कात्रजचं सर्पोद्यान झालं.

तर भावा, आता तुझ्या पायथनकडं. मराठीत 'माणसाळणं' हा सुंदर शब्द आहे, पण तो कुत्र्याला, हत्तीला. साप माणसाळत नाही, फार तर सरावतो. त्याला तुझा लळा लागणार नाही. तुझा वास आला, हात आला आणि काही वाईट झालं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात हळूहळू बसतं. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, उंदरांच्या बिळात, वाळवीच्या वारुळात राहणारा प्राणी. घाबरला की डोकं मधे घेऊन गोळा होतो, म्हणून तर त्याचं नाव 'बॉल'. म्हणजे चार दिवस तो तुला रोज सांगतोय, की मी घाबरलोय.

आठवडाभर हात लावू नकोस. पाणी बदल, घाण काढ, बास. लपायला दोन जागा दे, एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला, मडक्यासारख्या अंगाला घट्ट. उबेकडं ३१-३२ अंश, गारव्याला २५-२६. कोल्हापुरात थंडीत रात्री पारा बराच उतरतो, आणि गार पडलेल्या सापाला खाल्लेलं पचत नाही. त्यामुळं हीटर थर्मोस्टॅटवरच लाव, अंदाजानं नको. आधी त्याला खाऊ दे. खाल्ल्यावर दोन दिवस उचलू नकोस, नाहीतर ओकून टाकेल, आणि ओकणं त्याला उपाशी राहण्यापेक्षा महाग पडतं. मग सुरुवात पाच मिनिटांनी. वरून झडप घालू नकोस, वरून येणारी सावली त्याला घारीची वाटते. बाजूनं हात ने, अंगाच्या मध्यावर आधार दे, डोकं धरू नकोस. हातात गोळा झाला तर स्थिर राहा, सैल होऊन जीभ बाहेर काढायला लागला की परत ठेव.

आणि एक अप्रिय प्रश्न. देशी साप घरात ठेवणं गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण परदेशी पायथनही साइट्सच्या यादीत आहे, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद परिवेश पोर्टलवर लागते. पेट शॉपवाला 'हा इंडियन नाही, टेन्शन नाही' म्हणाला असेल, तरी कागद बघायला पाहिजे.

हे सगळं मी त्या मित्राला आधीच पाठवलं. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला त्याचा फोटो आला. नारळाच्या करवंटीखालून पायथनचं डोकं बाहेर आलेलं, तोंडात उंदीर. मी अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, "नोंदीची पावती?" दोन निळ्या टिका आल्यात. उत्तराची वाट बघतोय.