गोष्टीतला काळ कोणाचा? : फॅन फिक्शन लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी

पेशवाईवरचा सिनेमा, शिवकाळावरची मालिका किंवा एखादी गाजलेली ऐतिहासिक कादंबरी घ्यायची, तिच्यातली पात्रे उचलायची आणि त्यांची पुढची गोष्ट आपण लिहायची, याला फॅन फिक्शन म्हणतात. आज कितीतरी तरुण मोबाईलवर असे लिहितात. त्यात आपल्या वस्त्यांतली मुले-मुलीही आहेत. जुना काळ उभा करायला कोणती पुस्तके वाचावीत, हा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरावरच ठरते की त्या गोष्टीत आपला माणूस दिसणार की नाही.

काही जण म्हणतील, चळवळीच्या माणसाने असल्या करमणुकीत वेळ का घालवावा? त्यांना एवढेच सांगायचे आहे की दुसऱ्याने रचलेली पात्रे घेऊन ती गोष्ट उलट्या बाजूने सांगणे ही आपलीच परंपरा आहे. १८७३ साली 'गुलामगिरी'त जोतीराव फुल्यांनी दशावतारांच्या कथा घेतल्या आणि बळीराजाच्या बाजूने त्यांची चिकित्सा केली. अमेरिकेत कृष्णवर्णीय लेखिका अ‍ॅलिस रँडल यांनी २००१ साली 'गॉन विथ द विंड' ही गाजलेली कादंबरी गुलामगिरीत जन्मलेल्या एका मुलीच्या नजरेतून पुन्हा सांगितली. मूळ लेखिकेचे वारसदार ते पुस्तक थांबवण्यासाठी कोर्टात गेले. नुसत्या करमणुकीसाठी कोणी कोर्टात जात नाही.

आता अडचण बघा. मालिका पाहून लिहिले तर गोष्टीत येतो तो वाडा, पैठणी, नथ, मेणा आणि दरबार. वाड्याबाहेर पाणी कोण भरते, मेलेले ढोर कोण ओढते, वेशीवर रात्रभर कोण जागतो, याचा पत्ता नसतो. आपला मुलगा लिहितो आणि त्याच्याच गोष्टीतून त्याचा पणजोबा गायब होतो. म्हणून पुस्तके शोधताना कोणी लिहिले आणि कुठे बसून लिहिले, हे आधी विचारा.

एकच उदाहरण घेऊ : साडी. पडद्यावर सगळ्या बायका सारखीच नऊवारी नेसतात. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचा. महाराच्या सुनेने लुगड्याचे काठ निऱ्यांत दडवायचे, ते दिसतील असे नेसायचे नाही, हा गावचा दंडक त्यात सापडतो. म्हणजे काठसुद्धा जातीने वाटलेला होता! मग डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना नेसण्या-लेण्यातल्या जातीच्या खुणा टाकून द्यायला का सांगितले, ते उमगते. अनेकींनी तिथेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. मनुस्मृती जाळली त्याच परिषदेत हे घडले. कादंबरीकाराला जो निव्वळ पोशाखाचा तपशील वाटतो, तो आपल्यासाठी संघर्षाचा इतिहास आहे.

म्हणून कोणत्याही प्रसंगासाठी तीन बाजूंची पुस्तके समोर ठेवा.

पहिली बाजू सरकारी. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये पुणे जिल्ह्याचेच तीन भाग आहेत, १८८५ चे. कोणती जात कुठे राहते, काय खाते, काय नेसते, हे त्यात जातवार मिळते. तपशील घ्या, पण त्या साहेबी नजरेतला हिणकसपणा घेऊ नका.

दुसरी बाजू वरच्या जातीच्या जाणकारांची. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) बलुते आणि वतने यांची बारीक माहिती आहे. मात्र लेखक बलुतेदारांकडे ओझे म्हणून बघतो. माहिती त्याची घ्या, निवाडा तुमचा करा.

तिसरी बाजू आपली, आणि तिच्याशिवाय पहिल्या दोन वाचूच नका. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. पेशवाई बुडून तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचे बाजीरावाच्या राज्यात काय होत असे, ते तिने लिहून ठेवले आहे. तो निबंध न वाचता पेशवाईवर एक ओळही लिहू नये. शेतकऱ्याचे घर आणि अन्न पाहिजे तर 'शेतकऱ्याचा असूड' वाचा. चळवळीच्या काळासाठी 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' आणि चांगदेव खैरमोडे यांचे चरित्रखंड आहेत. स्त्रियांसाठी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला', तर गाव आणि मुंबई या दोन्हींसाठी दया पवारांचे 'बलुतं' आहे.

पैसे नाहीत म्हणून अडू नका. शासनाने छापलेले बाबासाहेबांचे खंड आणि जुनी गॅझेटियर इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथे नुसते फोटो काढून परतू नका.

आपल्याच लोकांना एक कडक गोष्ट सांगायला हवी. आपला माणूस गोष्टीत आणायचा म्हणून इतिहास बनवू नका. १९१० सालच्या गोष्टीत कोणी 'जय भीम' म्हणणार नाही. तेव्हा महाराच्या तोंडी 'जोहार मायबाप' होता. १९५६ पूर्वीच्या महारवाड्यात घरोघर बुद्धाची तसबीर नव्हती, मरीआई आणि खंडोबा होते. हे लपवले तर १४ ऑक्टोबर १९५६ ला काय बदलले, तेच वाचकाला कळणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर म्हणजे पुरावा नव्हे. खोटे एक वाक्य सापडले की विरोधक खरी दहा नाकारतात.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत हाच पेच मांडला आहे. पुराव्याची साखळी जिथे तुटते तिथे कल्पनाशक्ती लागतेच, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण ती शिस्तीत घडवलेली असावी, ही त्यांची अट होती. इतिहासकाराला जी अट, तीच गोष्ट लिहिणाऱ्याला. आधी वाचा, पडताळा, मग बिनधास्त कल्पना करा.

वाड्याचा दरवाजा कसा होता हे लिहायला पुष्कळ लोक बसले आहेत. तो उघडायला पहाटे कोण आले आणि त्याला किती अंतरावर उभे केले, हे तुम्ही लिहा.

जय भीम!